ह्यांना कळतं

४ फेब्रुवारी

वन्सं आल्या. ह्यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "वहिनी, माझा भाऊ केव्हाच गेला गं. हे उरलंय ते नुसतं अंथरूण. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत टाक नि मोकळी हो."

झटका आल्यापासून ह्यांचं बोट हलत नाही, शब्द फुटत नाही. पण कळतं! माझा देव खोटा नाही.

शेवटी ठरलं — विद्यापीठात मेंदूची तपासणी करायची. कळत असेल तर घर, नाहीतर संस्था. तपासणी फुकट आहे, एक बरं.

११ फेब्रुवारी

जाड दाराची खोली. धातूचा कण चालत नाही, माझ्या केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावल्या. ह्यांचं डोकं भल्यामोठ्या पांढऱ्या टोपात. मेंदू चालला की चुंबकाचं अगदी बारीक बळ उठतं, ते हा टोप टिपतो म्हणे.

ह्यांना ऐकवायला ओळखीचा आवाज हवा म्हणून आधीच वाक्यं माझ्याकडून वाचून टेप करून घेतली होती. कागदावर काय चुका! "चहात चप्पल घाल." "दाराला दूध लाव." एवढी शिकलेली माणसं! मी आपली सगळी नीट करून वाचली.

१८ फेब्रुवारी

"काहीच उमटलं नाही, काकू," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली.

वन्संनी तिथूनच संस्थेला फोन केला. खाट आहे का.

२० फेब्रुवारी

त्याच मुलीचा फोन. चिडलेली. "काकू, वाक्यं मुद्दाम चुकीची होती! कळणारा मेंदू चुकीच्या शब्दाला दचकतो. तुम्ही दचकायला काही ठेवलंच नाहीत!"

देवा! माझ्याच हातून!

२७ फेब्रुवारी

पुन्हा तपासणी. 'चप्पल' म्हटल्यावर पडद्यावरची रेघ उसळली. 'दूध' — उसळली!

वन्संचा चेहरा उतरला. "म्हणजे मी जे जे बोलले ते..."

"सगळं," मी म्हटलं. फार बरं वाटलं. देवा, क्षमा कर.

घरी येऊन ह्यांच्या कानाशी स्तोत्रं म्हटली, रोज म्हणते तशी, संध्याकाळपर्यंत. पंखा बंदच. वीज कशाला? घाम पुसायला मी आहे. म्हटलं, "आता कुठे जाताय!"

४ मार्च

आता ह्यांना उत्तर देता येतं. 'हो' असेल तर मनात उजवी मूठ आवळायची, 'नाही'ला डावी; कुठली ते टोप ओळखतो. सरावाची सगळी उत्तरं बरोबर आली. घरचा प्रश्न उद्या मीच विचारणार, वन्संसमोर.

५ मार्च

"घरीच राहायचं ना हो?"

डावी.

मुलगी म्हणाली, यंत्र चुकतं कधी कधी. मग उलटं विचारलं, "संस्थेत जायचं?"

उजवी.