दोन खोल्या, एक जिना आणि एक विजय

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक विजयवार्ता. पण आधी रीतीप्रमाणे विचारपूस. तुमची कंबर कशी आहे? (लोकांच्या जबड्यात बघणाऱ्या दातांच्या डॉक्टरची कंबर दुखावी आणि जन्मभर टेबलावर वाकून नकाशे काढणाऱ्या माझे दात दुखावेत, यात विधात्याने वाटप करताना चिठ्ठ्या बदलल्या असाव्यात.) आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या ताईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याची कुरकुर ती ऐकून घेत नाही. मलाही या घरात तोच न्याय होता. होता म्हणतो, कारण कालपासून तो बदलला.

मेहुणेबुवा, तुमच्या ताईने माझी कविता शेवटपर्यंत वाचली.

तुम्ही हसाल. लग्न झाल्यापासून मी तिला कविता ऐकवू पाहतो आहे आणि लग्न झाल्यापासून तिला दुसऱ्या ओळीला काहीतरी आठवतं. खिडकी उघडी राहिलेली असते, नाहीतर शेजारणीला काही सांगायचं असतं. मी आपला तिसरी ओळ स्वयंपाकघराच्या भिंतीला ऐकवतो. (शाळेत आमचे मास्तर कविता म्हणताना डोळे मिटून घेत. ती सवय मला लागली आणि तिथेच घात झाला. डोळे उघडावेत तर समोरची खुर्ची रिकामी.) मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, हिने एक कविता पुरती ऐकावी, याहून मोठी इच्छा मला उरलेली नाही.

तर, तुम्ही दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर आम्हाला दिलात, त्यात मी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याने घरबसल्या गेम बनवता येतात. मारामारीचे नव्हेत. पडद्यावर एक खोली असते, खोलीत एक माणूस असतो. आपण माउसने दाखवू तिकडे तो जातो, सांगू ती वस्तू बघतो, उचलतो, कोणाशी बोलतो, आणि कोडी सोडवत पुढच्या खोलीत शिरतो. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. तुमची ताई गणिताची मास्तरीण. शब्दकोडं अर्धं राहिलं तर तिला जेवण गोड लागत नाही. मग कविताच कोड्यात घातली तर ती उठून जाईल कुठे?

मी आमचं पहिलं बिऱ्हाड काढायला घेतलं. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, लाकडी जिना, खाली घरमालकीणबाई आणि वर गच्ची. नळखात्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे सगळं मोजमापाने. इतकं मोजमापाने, की आमचा नायक खोलीत मुंगीएवढा दिसू लागला आणि दारापर्यंत चालत जायला त्याला एवढा वेळ लागे की मी मध्ये चहा करून घेतला असता (चहा करता येत असता तर). मग त्याला मोठा केला. त्यानंतर कळलं की नायकाने कुठे चालायचं ती जागा रंगवून द्यावी लागते. मी उत्साहाच्या भरात सगळंच रंगवलं होतं. त्यामुळे तो भिंतीवर चढला आणि घड्याळावर जाऊन उभा राहिला. खाली उतरवेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही मागून म्हणाली, "अगदी तुम्हीच. पाय जमिनीला नाहीत."

पण खरी पंचाईत पुढेच होती. या गेममध्ये नायकाने दिसेल ती वस्तू खिशात घालायची असते. मला ते लिहवेना. दुसऱ्याची छत्री न विचारता कशी उचलायची? म्हणून छत्रीवर क्लिक केलं की माझा नायक म्हणायचा, "ही आपली नाही." बादलीवर केलं तरी तेच. हिने पहिल्यांदा खेळून पाहिलं तेव्हा तो नुसता सगळ्या बिऱ्हाडात नमस्कार करत हिंडला आणि रिकाम्या हातांनी परत आला. "फार सज्जन आहे," ही म्हणाली, "म्हणून त्याच्या हातून काही होत नाही." मग मी तोड काढली. प्रत्येक वस्तूसाठी घरमालकीणबाईंची परवानगी काढायची, आणि काम झालं की ती जागेवर नेऊन ठेवायची. (घरमालकीणबाईंची वाक्यं लिहायला काही कष्ट पडले नाहीत. त्यांचा आवाज अजून कानात आहे. "छत्री न्या, पण पाऊस लागू देऊ नका तिला.")

प्रत्येक वस्तू काहीतरी बोलते, ते मी पद्यात लिहिलं. स्टुलावर चार ओळी, गळक्या पिंपावर सहा, तुटक्या कंगव्यावर एक विलापिका. आणि शेवटी गच्चीचं दार. त्याची किल्ली बाईंकडे. माझी कविता जो पुरी करील त्यालाच त्या किल्ली देणार. पहिल्या कडव्याची सुरुवात अशी:

हळूच चढतो चंद्र जिन्याने, पायरीवरी ठेवुन पाय;
दाराशी थबकून विचारी, घरात कोणी जागे काय?

पुढच्या प्रत्येक ओळीला तीन पर्याय, त्यातला बरोबर निवडायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

काल ही बसली. मध्ये एकदाच मान वळवून म्हणाली, "स्वयंपाकघर कुठंय?" मी म्हटलं, गेममध्ये लागत नाही. "नळखात्यातला माणूस, आणि नळ असलेली एवढी एकच खोली विसरलात," असं म्हणून पुढे खेळू लागली. शेजारीण येऊन गेली, दूधवाला येऊन गेला, ही हलली नाही. मेहुणेबुवा, एकही ओळ चुकली नाही. बाईंनी किल्ली दिली, दार उघडलं, गच्चीवर मी काढलेला चंद्र (परकाराने वर्तुळ मारलंय, जरा फारच गोल आहे) वर आला, आणि नायक म्हणाला, "पोचलो." मी उभा राहिलो. मला वाटतं मी टाळीही वाजवली. राजेलोक गड जिंकून काय करत असतील ते मला काल उमगलं.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुमच्या कंबरेला माझी सहानुभूती.

तुमचा विजयी
भावोजी

ता. क. वरचं पत्र लिहून झाल्यावर मी हिला विचारलं, बरोबर ओळी ओळखल्यास कशा? मला वाटलं, काव्याची जाण निघाली. ती म्हणाली, "आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्यात. तिन्हींतला सर्वांत लांब पर्याय नेहमी बरोबर असतो. तुम्हाला खरी ओळ आखूड ठेवता येत नाही." तरीही विजय तो विजयच. क्लिक तर तिने केलं.

आणखी ता. क. आज मी वाचनालयात गेलो असताना हिने माझं सॉफ्टवेअर उघडलं आणि गेममध्ये स्वयंपाकघर जोडलं. शिकली कधी, कोण जाणे. नायक मोठ्या रुबाबात आत गेला आणि दार बंद झालं. आता तो बाहेर पडेना. मीठ हातात आलं तर दार उघडतं, आणि फळीवर एकसारखे डबे. चुकीचा उघडला की पडद्यावर अक्षरं येतात, "इतकी वर्षं झाली." खऱ्या घरात बघून यावं म्हटलं, तर ही तिथेच पाट टाकून बसली आहे. विचारलं की हरलो.

तेव्हा मुद्द्याचं काम एवढंच. ताईला फोन करा आणि सहज विचारल्यासारखं विचारा, की तू मीठ कुठल्या डब्यात ठेवतेस. माझं नाव घेऊ नका.

तशी घाई नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर क्लिक केलं की पलीकडून कोणीतरी कविता म्हणत असल्यासारखी हळूहळू अक्षरं उमटतात. माझीच, चंद्राची, सगळी कडवी. त्यात एक कडवं असं आहे की जे मी गेममध्ये घातलंच नव्हतं. ते मीच विसरून गेलो होतो. भिंतीपलीकडून माझी कविता बरी वाटते. तुम्ही उद्या फोन केलात तरी चालेल.