इंग्रजीतला अर्धा तास

सोमवार, ३ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा भैरवीनं कागद खाली ठेवला. म्हणाली, "तात्या, वाक्य तरी पुरं करू द्या."

मी म्हटलं, "चूक पुरी होऊ द्यायची नसते." चौतीस वर्षं वर्गात हेच म्हणत आलो.

माझी सून भैरवी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, तपासणी विभागात आहे. त्यांचं गिऱ्हाईक स्वीडनचं. तिकडच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी इथला एक माणूस हवाय. मुलाखत २१ तारखेला, कॉम्प्युटरवर. गेल्या वर्षी जोतीराम नावाचा एकजण गेला होता. बैठकीत जे विचारतील त्याला येस म्हणायचा. न जमणाऱ्या तारखेलाही येस. घाईत ओतलेला माल परत आला, चार महिन्यांनी जोतीरामही. म्हणून आता त्यांना नाही म्हणू शकणारा माणूस हवाय. पण सभ्यपणे. सरावासाठी एक कागद धाडलाय — विषय प्रवास. एकानं मत मांडायचं, दुसऱ्यानं ते न दुखवता खोडायचं.

सराव कुणाबरोबर करणार? मुलगा ऋतुराज बिद्रीला. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, तो रविवारीच घरी दिसतो. नात अवनी नऊ वर्षांची. उरलो मी, निवृत्त मुख्याध्यापक, विषय इंग्रजी.

रोज संध्याकाळी चहानंतर अर्धा तास. त्या वेळात सासरा-सून नाही, दोन प्रवासी. तेव्हा बोललेलं नंतर काढायचं नाही. हा नियम तिचा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

माझी बाजू — घरी राहावं. तिची — निघावं.

मी म्हटलं, हल्ली सगळं जग फोनवर दिसतं, जायचं कशाला? ती म्हणाली, "यू मे बी राइट, बट अ फोन हॅज नो स्मेल." मी तिचा उच्चार सुधारला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज नऊ वेळा अडवलं. आकडा अवनीचा. ती शेजारी बसून वहीत रेघा मारत होती. "आजोबा नऊ, आई शून्य," म्हणाली.

नवांतल्या खऱ्या चुका तीन. फार तर चार. बाकीच्या वेळी भैरवीचं बरोबर होतं, आणि तिचा मुद्दा वर चढत होता.

हे फक्त इथं लिहितो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी रंकाळ्यावर आकाराम भेटला. वडगावचा, शाळेत माझ्याबरोबर शिकलेला. शेती पोराकडं देऊन आता इथं राहतो. त्याच्या बोलण्याला आवाज कमी करायचं बटण नाही.

"मास्तर, सून चालली म्हनं फॉरीनला?"

"अजून ठरलं नाही."

"ठरलं तर? तुमच्या भाकरीचं काय? का तिकडनं पार्सल येनार हाय?" बाकावरचे दोघे-तिघे हसले. "आवं, न्हाय म्हना की सरळ. तुमच्या शब्दाभाईर जातीया व्हय ती?"

नाही म्हणायची मला गरजच पडणार नव्हती. असंच चालू राहिलं तर २१ तारखेला ती आपोआप गळेल, आणि माझ्यावर काही येणार नाही.

हे इतक्या स्वच्छ शब्दांत मनात आलं की चालायचं थांबलो. आकाराम म्हणाला, "दम लागला काय?" मी हो म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भैरवी अडखळायला लागलीय. प्रत्येक वाक्याआधी माझ्या तोंडाकडं बघते. आज 'आय सी युवर पॉइंट' एवढं म्हणून गप्प बसली. पुढचं आलंच नाही.

नंतर स्वयंपाकघरातून हसत सांगत होती. तिचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, मागल्या महिन्यात बरं बोलत होता की. कुठला क्लास लावला?"

मी म्हटलं, "सराव वाढवू."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज तिनं कागद बाजूला सारला आणि माझंच उदाहरण दिलं. सावकाश, शब्द जुळवत. माझ्या सासऱ्यांना एकदा इंग्लंडला जायची संधी होती. त्यांच्या वडिलांनी जाऊ दिलं नाही. त्यांना अजून वाईट वाटतं. मला तसं वाईट वाटून घ्यायचं नाही.

मी म्हटलं, "अर्धा तास संपला."

"आजोबा, बारा मिनिटं आहेत अजून," अवनी म्हणाली. मी उठलो.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. ८९ साल. शिक्षकांसाठी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम. जिल्ह्यातून मी एकटा. माझे वडील, आबा, आड आले. लग्नात, दिवाळीत, निरोप समारंभात सांगितली. बायको, लीला, होती तेव्हा तिलाही हीच सांगितली. इतक्यांदा, की वडगावच्या घरी बाजेवर बसून नको म्हणणारे आबा मला दिसतात.

आबा म्हणाले होते, "जा की." शाहूपुरीतून लोकरीचा कोट आणला होता त्यांनी. मापाला मोठा.

झालं ते असं. पुण्यात निवडीला एक इंग्रज बाई होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मी येस म्हणालो. त्या शेजारच्याकडं बघून जरा हसल्या. सकाळी काय खाल्लं एवढंच विचारत होत्या, हे बाहेर आल्यावर दुसऱ्या उमेदवाराकडून कळलं. लेखी गुणांवर तरी निवड झाली. पत्र आलं. मी नकार कळवला आणि कारण लिहिलं — वडिलांची संमती नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी इंग्रजी शिकवलं. मराठीतून.

रविवार, १६ नोव्हेंबर

ऋतुराज आला. अंगाला मळीचा वास. जेवताना म्हणाला, "तात्या, भैरवी घाबरलीय. नकोच म्हणते. मुलाखतीला बसत नाही असा मेल लिहून ठेवलाय, उद्या रात्री पाठवणार." मग जरा थांबून, "बरंच झालं नाही का?"

भाकरी गोड लागली. एक जास्त मागून घेतली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चहानंतर ती बसली नाही. मी बस म्हटलं. "कशाला आता?" म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. बसली. अवनीला खाली खेळायला धाडलं.

मराठीतून मला ते जमलं नसतं. इंग्रजीत सांगितलं. नोबडी स्टॉप्ड मी. आबांनी अडवलं नव्हतं. मी भ्यालो होतो. काळ चुकले असतील, शब्दांची जागा चुकली असेल. ती मधे बोलली नाही. मग हेही सांगितलं, की गेले दोन आठवडे तुझं बरोबर असतानाही मी तुला अडवलं.

"हाऊ मेनी टाइम्स?"

"मेनी."

ती टेबलाकडं बघत राहिली. तपासणीला आलेला नग बघत असेल तशी. मग म्हणाली, "दॅट वॉज नॉट काइंड, तात्या." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मीही चढवला असता.

उठून गेली. भांडी घासायला बाई सकाळी येते. आज भैरवीनं स्वतः घासली, सगळी. मी इथं बसून ऐकत होतो.

मेल पाठवणार का, हे विचारायचा मला हक्क नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मेल पाठवलेला नाही. अवनीकडून कळलं. सराव झाला नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कप ठेवला आणि माझ्यासमोर बसली. मराठीत म्हणाली, "तुम्ही मधे बोलायचं नाही. माझं संपलं की बोला. चुकलं तरी."

मी तोंडावर हात धरला. अवनीला मजा वाटली.

मी एकेक कारण द्यायचो. घर, सवय, थंडी, म्हातारी माणसं. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, माझ्या बोलण्यातलं खरं होतं तेवढं कबूल करायची, आणि मग उरलेलं शांतपणे उलगडून ठेवायची. चुका होत होत्या. त्यांनी तिचं काही अडत नव्हतं. मी हरत होतो आणि मला पुढचं वाक्य ऐकायचं होतं. मास्तर असताना असा विद्यार्थी मिळाला नाही, हे लिहिणार होतो. पण मिळाले असतील. मीच बोलू दिलं नसेल.

शेवटी मी मराठीत म्हटलं, "तू खुशाल जा. अवनी राहील माझ्याजवळ. शाळा, डबा, अभ्यास, सगळं मी बघतो. ऋतुराज आहेच रविवारी."

"बघू," म्हणाली.

झोपताना हलकं वाटलं. मोठं काहीतरी दिल्यासारखं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारी दोन ते दोन पन्नास. दार बंद. मी गॅलरीत. शब्द कळत नव्हते, तिचा आवाज तेवढा कळत होता. एका लयीत चालला होता.

बाहेर आली ती पाणीच प्याली आधी. त्यांनी एक काम दिलं, दहा आठवड्यांत करून द्याल का विचारलं. तिनं सोळा सांगितले, कारणं सांगितली. ते म्हणाले, दुसरे लोक दहात देतात. ती म्हणाली, मग त्यांचे नग मला तपासायला आवडतील.

"आणि?"

"हसले. पण कसे हसले ते कळलं नाही."

मला ते हसणं माहीत होतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

निवड झाली. मार्चमध्ये निघायचं. ऋतुराजचा फोन, मॅनेजरचा फोन, तिच्या माहेरचा फोन. संध्याकाळी आकारामला मी स्वतःहून सांगितलं. "धाडतोय सुनेला."

"आन् नात?"

"नात माझ्याजवळ."

"मग झाक हाय की," म्हणाला. जणू त्याचीच परवानगी अडली होती.

घरी येऊन अवनीचं अभ्यासाचं टेबल माझ्या खोलीत आणलं, खिडकीशी लावलं. तिची पुस्तकं मांडली. वरच्या कप्प्यातली माझी काढून खाली ठेवली. भैरवी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी चहा गाळताना भैरवी म्हणाली, "तात्या, अवनीला मी बरोबर नेणारय. ऋतुराजशी बोलणं झालंय. तुम्हाला वाईट वाटणार, माहितीय मला." कप माझ्यापुढं ठेवला. साडेदहाला अवनीच्या शाळेत गेलो आणि तिच्या पासपोर्टसाठी बोनाफाईडचा अर्ज दिला.