मैनाबाद जिंकल्याचा हार मले मिळण्याबाबत

प्रति,
मा. वॉर्ड अधिकारी साहेब,
महानगरपालिका, नागपूर

विषय : इराण-इराक लढाईतलं मैनाबाद शहर अर्जदारानं स्वतः बनवलं असल्यानं त्याचा मान अर्जदाराले देण्याबाबत.
संदर्भ : कोष्टीपुऱ्याच्या चौकातले दोन बातमीफळे.

महोदय,

मी श्रावण हेडाऊ. आधी हातमागावर होतो, आता हिंगण्याले कारखान्यात जातो. बारा वर्षं झाली, ड्युटीच्या आधी रेडिओ ऐकून चौकातल्या फळ्यावर खडूनं बातम्या लिहितो. परवानगी आपल्याच ऑफिसची आहे.

औंदा पुढारी आनंदरावनं माझ्या समोरच गिरिधर टेलरले नवा फळा लावून देल्ला, वरतून रंगीत खडू. आनंदराव इराकवाले, म्हणून गिरिधरच्या फळ्यावर इराक रोज जिंकून राहिला. माझ्या फळ्यावर काय, तर "दोन्हीकडून दावे, खरं समजलं नाही." पब्लिक सारी तिकडं. मले म्हणतेत, "काहून गा श्रावण, तुह्या लढाईत कोणी पडतच नाही का?" माझी घरवाली वच्छला भाजी आणाच्या बहाण्यानं तिथंच उभी. म्हणते, "गिरिधरभाऊची लढाई वाचाले मजा येते जी. तुमचं म्हणजे रेशनचं पत्रक."

मले शक होता का गिरिधर रेडिओ ऐकतच नाही, माझंच पाहून त्याले इराकचा रंग देते. म्हणून मंगळवारी बारा वर्षांतली पहिली खोटी ओळ लिहिली : "इराणच्या मैनाबाद शहरावर इराकचा तुफान हल्ला." असं शहर नकाशात नाही. मैनाबाई माझी सासू आहे. दुपारपर्यंत गिरिधरनं लाल खडूनं ठोकून देल्लं, "मैनाबाद पडलं!"

इथपर्यंत मी लय खुश होतो, साहेब. पण संध्याकाळी आनंदरावनं सभा घेतली, अभिनंदनाचा ठराव केला आन् "विजयाची बातमी सगळ्यात आधी" म्हणून गिरिधरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पहिल्या लाइनीत टाळ्या कोण वाजवून राहिलं, तर वच्छला. मी उठून सांगतलं का हे शहर मी बनवलं. लोक हसले, "जळते गा हा!"

जळतो. लेखी कबूल करतो.

गिरिधरचा फळा काढा असं माझं म्हणणं नाही. शहर माझं, म्हणून हार माझा, एवढं चौकात जाहीर करावं. आठ दिवसांत निकाल न लागल्यास मी मैनाबाद इराणले परत देईन, मग आनंदरावनं ठराव कोणाचा कराचा ते पाहावं. तोपर्यंत माझ्या फळ्यावर लढाई बंद आहे.

आपल्या हुकमाच्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,
श्रावण हेडाऊ
२१ नोव्हेंबर १९८०

सोबत :
१. शाळेचा नकाशा, शहर नसलेला.
२. मैनाबाईचा संमतीचा अंगठा.
३. साक्षीदार म्हणून वच्छलाची सही. मागतली, देल्ली नाही.