लाल गाडीवरचं नाव

९ जानेवारी

निघाली! तिन्ही बाजूंची निघाली. एकही अक्षर राहिलं नाही.

दुपारभर लाँड्रीच्या मागच्या अंगणात होते. लाँड्रीवाल्या मावशींचा हेअर ड्रायर, एक जुनं प्लास्टिकचं कार्ड आणि माझी नखं. आधी गरम करायचं, मग कोपरा उचलायचा, मग हळूहळू ओढत न्यायचं. घाई केली की रेडियम तुटतं आणि तुकडे खरवडत बसावं लागतं. हे मला कुणी शिकवायला नको. ही अक्षरं मीच कापली होती त्याच्या दुकानात, मीच चिकटवली, आतले बुडबुडे मीच काढले. लग्न नवीन होतं तेव्हा. गाडी माझ्या वडिलांनी घेऊन दिलेली, माझ्या नावावर. पण दोन्ही अंगांना आणि मागच्या दारावर हातभर मोठं त्याचं आडनाव, खाली 'बोर्ड व स्टिकर', त्याखाली फोन नंबर. म्हणे फुकटात जाहिरात होते!

शेवटी गोंद राहिला तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला. सगळ्या अक्षरांचा चुरगळून चेंडू केला आणि कचऱ्यात टाकला. पिल्लू म्हणाली, "आई, तू हसतेयस." हसत असेन.

१० जानेवारी

नाव आहे. नाव आहे अजून!

सकाळी खिडकीतून सहज खाली पाहिलं. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं आणि गाडीच्या अंगावर त्याचं आडनाव जसंच्या तसं. लाल रंगावर गडद लाल. जिन्यावरून अनवाणीच धावत गेले. हात फिरवून पाहिला — काही नाही, सपाट. तरी दिसतं. रॉकेल, साबण, पुन्हा रॉकेल. हाताची सालं निघाली, नाव हलत नाही.

नंतर लक्षात आलं. इतकी वर्षं उन्हात उभी राहून सगळी गाडी विटली. अक्षरांखालचा रंग तेवढा झाकलेला होता म्हणून नवा राहिला. म्हणजे त्याचं नाव ताजं आणि बाकी माझी गाडी फिकी! काय म्हणावं.

११ जानेवारी

दुपारी ऊन डोक्यावर आलं की दिसत नाही. सकाळी आणि संध्याकाळी दिसतं. मी नेमकी सकाळी लाँड्रीच्या चादरी हॉस्पिटलला पोचवायला जाते.

१२ जानेवारी

पिल्लू हल्ली दिसेल ते वाचते. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, मावशींच्या साबणाची पोती. आज शाळेतून आल्यावर गाडीपाशी उभी राहून बोट फिरवत एकेक अक्षर जुळवत होती. मी वरून ऐकलं. पहिलं, दुसरं, तिसरं... मग केवढ्यानं ओरडली, "आई, हे तर आपलं नाव आहे!"

मी तिच्यावर इतकी खेकसले की मावशी इस्त्री टाकून बाहेर आल्या. पोर रडवेली झाली. शाळेत मी तिला वडिलांचं आडनाव न लावता माझ्या माहेरचं लावलंय, तेच सांगायचं म्हणून बजावलंय. सहा वर्षांच्या मुलीला काय काय लक्षात ठेवायला लावतेय मी!

रात्री उशाशी येऊन म्हणाली, "पुसून टाकू आपण खोडरबरानं." मिठीत घेतली.

१४ जानेवारी

हॉस्पिटलच्या मागच्या दारी चादरींचे गठ्ठे उतरवत होते. ऑक्सिजनच्या ट्रकचा ड्रायव्हर विडी ओढत गाडीकडे बघत होता. बघत होता म्हणजे वाचत होता. म्हणाला, "ही त्या बोर्डवाल्यांची ना हो? माझ्या ट्रकची अक्षरं त्यांनीच केली होती. फक्कड माणूस!"

माझी पाचावर धारण बसली. "नाही, जुनी घेतलीय मी," असं काहीतरी बोलले. हसले सुद्धा, कसं हसले कोण जाणे. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात जाणार आहे तिकडे, सांगतो त्यांना तुमची गाडी दिसली म्हणून."

फक्कड माणूस! बाहेर सगळ्यांना तो फक्कडच. हसून बोलतो, चहा पाजतो. घरात शिरताना चप्पल कशी काढतो त्यावरून आम्हांला आजचा दिवस कसा जाणार ते कळायचं. शेवटच्या वेळी माझं डोकं त्यानं ओट्याच्या कडेवर आपटलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या नेहमीच दारात उभ्या असायच्या. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर गेल्यावर मी पिल्लूला गाडीत घातलं आणि निघाले. त्यानं आधीच एकदा सांगून ठेवलेलं आहे — कुठेही जा, शोधून काढीन. तो बोललेलं करतो, हा एक गुण आहे त्याच्यात.

१५ जानेवारी

आज गाडी काढली नाही. मावशींना सांगितलं, पोट दुखतंय.

१६ जानेवारी

पोटदुखी मावशींना पटली नाही. "अगं, गाडीला काय झालंय? दोन दिवस तोंड भिंतीला लावून उभी केलीयस, शिक्षा केल्यासारखी!" मी म्हटलं, जुन्या अक्षरांचे डाग वाईट दिसतात. तर म्हणाल्या, "एवढंच ना? वरून आपल्या लाँड्रीचं नाव लाव मोठ्ठं."

म्हणजे नाव लपवायला पत्ता लिहायचा! मी नको म्हटलं. मग सगळी गाडी पांढरी करून टाक म्हणाल्या. तेही मनात येऊन गेलंय. पण रंग बदलला की कागदपत्रांवर नोंद करावी लागते, नोंद करायला राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. नकोच.

मावशींना खरं काही सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. एकाला सांगितलं की ते दुसऱ्याला कळतं, आणि दुसऱ्याच्या ट्रकवरची अक्षरं त्यानं केलेली असतात.

१९ जानेवारी

पुलापलीकडे एक पेंटर आहे, मावशींच्या माहितीतला. जाडजूड, पोटावर रंगाचे ठिपके, आणि दर वाक्यात 'चकाचक'. मनातल्या मनात मी त्याचं तेच नाव ठेवलंय. स्वतःच्या कामावर असा खूश माणूस मी पाहिला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला दोन वर्षांपूर्वी ठोकलेली एक गाडी दाखवतो आणि विचारतो, "सांगा, कुठे ठोकली होती?" आपण चुकलो की टाळी देतो.

मी म्हटलं, "काका, अक्षरं पॉलिश करून घालवा." तर गाडीभोवती फिरला, वाकून, तिरका होऊन, एक डोळा मिटून. "ताई, तुम्ही पॉलिश केलं होतंत ना घरी? अक्षरांवरच घासलंत!" हो, तिथेच घासलं होतं. रोज सकाळी जीव खाऊन. "म्हणूनच नाव जास्त चमकतंय. अहो, अक्षरांखाली रंग चांगलाय. आजारी आहे तो आजूबाजूचा. घासायचं ते बाजूला, अक्षरांना हात लावायचा नाही. वरची विटलेली साय उतरली की खालचा लाल येतो वर. दोन्ही सारखे झाले की काम चकाचक!"

आठवडाभर मी त्याचं नाव घासूनपुसून उजळवत होते. हसावं की रडावं!

"कुणाचं दुकान होतं हो हे?" त्यानं विचारलं. बंद पडलं, एवढंच म्हणाले.

२३ जानेवारी

रोज संध्याकाळी जाऊन बघून येते. पाय तिकडेच वळतात. चादरी सध्या मावशींच्या भाच्याच्या रिक्षातून जातात.

बाजू होत आल्यात. आधी पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश कागद, मग कंपाउंडची पेस्ट, मग मशीनवर लोकरीची गोल गादी. मशीन एका जागी क्षणभर जास्त थांबलं तर रंग जळतो, म्हणून तो ते सतत फिरवत ठेवतो आणि मी श्वास धरून बघते. आज म्हणाला, "ताई, गाडी माझ्याकडे आहे की ऑपरेशनला आणलेला पेशंट? असा चेहरा नका करू."

मागचं दार मात्र ऐकेना. तिथं रंग पातळच होता, घासता घासता खालचा करडा थर दिसायला लागला. तेवढं दार तो नव्यानं फवारणार आहे. मला चालेल. ते दार तोडून नेलं तरी चालेल.

२७ जानेवारी

गाडी आली!

तिरप्या उन्हात पाहिली. विजेरी आडवी धरून पाहिली. पिल्लूला म्हटलं, काय लिहिलंय वाच. तिनं नाक लावून शोधलं आणि म्हणाली, "काहीच नाही लिहिलं. फक्त मी दिसतेय." जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी जेवणाला चव लागली. मावशींनी विचारलं, "पोटदुखी गेली का?" गेली म्हटलं. आम्ही दोघी हसलो.

२९ जानेवारी



मावशींनी कौतुकानं फोन पुढे केला. "बघ गं, आपली गाडी झळकली!" चकाचकनं त्याच्या दुकानाच्या पानावर दोन फोटो टाकलेत. 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'मध्ये कोरी लाल गाडी. आणि 'आधी'मध्ये — कुठं घासायचं ते नीट कळावं म्हणून त्यानं सगळ्या बाजूला काळी पूड चोळली होती. ती अक्षरांच्या कडांना बसलीय. गाडीवर कधी दिसलं नव्हतं इतकं ठसठशीत नाव. फोन नंबर सुद्धा वाचता येतो. खाली चकाचकच्या दुकानाचा पत्ता, नकाशा, आणि शेवटी 'बोला, होतं का काही इथे?'

तशीच पळत गेले. तो हसत पुढे आला, "पाहिलंत? लोक वेडे झालेत!" मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, ते रंगाच्या वासात, उभ्या उभ्या, एका दमात. तो मटकन स्टुलावर बसला. फोन हातात घेतला. फोटो काढून टाकला. मग म्हणाला, "पण ताई, लोकांनी पुढे पाठवलाय तो. काल दिवसभर पाठवत होते. मला काय माहीत हो..."

कसं माहीत असणार! इतकं लपवलं की मदत करणाऱ्यालाही कळू दिलं नाही. त्याच्यावर चिडायलाही मला तोंड नाही. मावशींना मात्र येऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस, बये?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या.

३० जानेवारी

पिल्लूला शाळेत पाठवलं नाही. रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की खिडकीशी धावते.

१ फेब्रुवारी

चकाचकच्या दुकानात फोन आला होता. बाईचा आवाज, दबका. "ती लाल गाडी तुम्हीच केलीत का? कुणी आणली होती?" तो म्हणाला, आठवत नाही. तर बाई म्हणाली, "सोबत लहान मुलगी होती का?" आणि फोन ठेवला.

हे त्याचंच काम. स्वतः बोलला तर पेंटर सावध होईल, म्हणून कुणा बाईला पुढे केलं. असा डोकेबाज आहे तो. मावशी म्हणतात पोलिसांत जाऊ, मी आहे बरोबर. जाऊ. पण इकडे आम्ही तक्रार लिहीत बसलो आणि तो तिकडून शाळेच्या फाटकाशी उभा राहिला तर?

२ फेब्रुवारी

कपडे बांधलेत. पिल्लूनं विचारलं, "आता कुठे?" मी म्हटलं, सहलीला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. उद्या सकाळी मावशींबरोबर पोलीस चौकी, आणि तिथूनच पुढे निघायचं. कुठे, ते अजून मलाच माहीत नाही. भीती वाटते. लिहून काढलं की कमी होते म्हणतात, ते खोटं आहे.

३ फेब्रुवारी

निघता निघता चकाचकचा फोन. "ताई, एक म्हाताऱ्या बाई आल्यात. एकट्याच. तुमच्याशिवाय कुणाशी बोलणार नाही म्हणतात."

मावशींना घेऊन गेले. रंगाच्या डब्यावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. डावा हात प्लास्टरमध्ये, ओठ फुटलेला. मी दारातूनच ओरडले, "तो कुठंय?"

"घरी. झोपला होता. फोटो मला कुणीतरी पाठवला, त्याला दाखवला नाही मी. परवा इथे फोनही मीच केला होता." मग पदरानं ओठ टिपत म्हणाल्या, "तू गेलीस, मग घरात मीच उरले ना गं."

मी त्यांची पिशवी उचलली. चौकीत आता दोघींची तक्रार लिहायची आहे.