टिंबांच्या जागी

दि. ४ जून

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद वि. वि.

तू चिऊला घेऊन माहेरी गेलीस आणि घर सुनं झालं. तिची पाठ केलेली कविता मी एकटाच म्हणतो. दुसरी ओळ तिची, तिथे थांबून वाट पाहतो. म्हातारचळ, दुसरं काय!

एक गंमत. चिरंजीव हल्ली बापांच्या हक्कांच्या मंचात जातात. तिथल्यांनी मध्यंतरी मला कोर्टातल्या अर्जाचा नमुना तपासायला दिला, नावांच्या जागी नुसती टिंबं. भाषा म्हणजे दगडधोंडे! पस्तीस वर्षं वह्या तपासलेला हात लाल पेन्सिल सोडतो होय? एका वाक्याला तर सगळे ‘वा गुरुजी’ म्हणाले: ‘आईच्या पदराआड भीतीचे धडे गिरवलेले लेकरू, बापाच्या सावलीलाही परके होते.’

लोभ आहेच, ओलावा राहू दे.
— आबा

दि. ११ जून

ती. आबांस, सा. न. वि. वि.

काल कोर्टात तुमचं वाक्य ऐकलं. टिंबांच्या जागी माझं आणि चिऊचं नाव होतं. बाहेर बाकावर दोन अनोळखी बायका होत्या. त्यांच्याही नवऱ्यांच्या अर्जांत हेच वाक्य, स्वल्पविरामासकट.

चपला वाजल्या की चिऊ टेबलाखाली शिरते. ही भीती मीच शिकवली, म्हणून मुलगी बापाकडे द्या, असं यांचे वकील म्हणाले. निकालाआधीची शेवटची तारीख पंचवीस. आबा, रडते म्हणून यांनी तिला कपाटात कोंडलं, तेव्हा कडी तुम्हीच काढलीत ना? मग हे धडे कुणी दिले?

रागात लिहिलंय. तरी पत्र पाठवायचं सोडू नका.
— तुमची सून

दि. १६ जून

चि. सूनबाईस, आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी वि. वि.

चष्मा पुसून पुसून पत्र वाचलं. तसाच मंचाच्या कचेरीत गेलो, फाइल काढायला लावली. एकवीस अर्ज, एकवीस लेकरं, वाक्य माझंच! यातल्या एका तरी मुलाशी बोललात का, असं विचारलं. अध्यक्ष हसून म्हणाले, गुरुजी, मुलाशी काय बोलायचं, केस जिंकायची आहे. दाराशी एक बाप पिशवीत बाहुली घेऊन बसला होता, लेकीसाठी खरोखर झुरणारा. त्याच्याही हाती यांनी हाच कागद दिला होता.

हो, कडी मीच काढली. चिऊ माझ्या खांद्यावर कविता म्हणू पाहत होती आणि तिचे दात वाजत होते. तोच मी वाक्याला नटवत बसलो, बाई! टिंबांच्या जागी कुणाचं मूल येणार, एवढंही विचारलं नाही.

साक्ष देणार, हे चिरंजीवांना सांगून टाकलं. त्यांनी अबोला धरलाय. तुझ्या वकीलबाईंना माझं नाव द्यायला सांग. पंचवीसला दहाच्या आधी कोर्टाच्या पायरीवर असेन. लाल पेन्सिल बरोबर आणतोय. न्यायाधीशांनी परवानगी दिली, तर ते वाक्य माझ्याच हातानं खोडेन.

चिऊला कविता म्हणायला लावू नकोस. दुसरी ओळ मी अजून रिकामीच ठेवतो.

हवी तेवढी रागाव, लोभ मात्र तोडू नकोस.
— आबा