टॉवरच्या दरजा

१४ नोव्हें. २००६, मंगळ.
आजपासून चर्चचा टॉवर माझ्याकडे. वेस्ट विंडसरहून एक तास दहा मिनिटं, शेवटची पंधरा मिनिटं शेतांमधून. तपकिरी वालुकाश्म, दोनशे वर्षांपलीकडचं बांधकाम, टॉवर बासष्ट फूट. पश्चिमेची भिंत मधोमध फुगलेली. गावाच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरनं टॉवरखालचं मोठं दार बंद करून टाकलंय, लोक बाजूच्या दारानं आत जातात.
प्रश्न एकच: टॉवर ठेवायचा की उतरवायचा. उतरवला तर चर्चही टिकणार नाही, असं बॉसचं, म्हणजे फ्रँकचं, म्हणणं. सभासद चौतीस. शेजारच्या गावातलं मोठं चर्च त्यांना सामावून घ्यायला तयारच आहे. ऐतिहासिक वास्तू म्हणून दाराशी पितळी पाटी आहे. पाटीनं भिंत सावरत नाही.
सहा भेगांवर मोजपट्ट्या चिकटवल्या. दर महिन्याला वाचन, मे अखेर रिपोर्ट.
किल्ली मिसेस हॅझेल यांच्याकडे. वय ८१, ट्रस्टी. "इंजिनियर कधी येणार?" म्हणाल्या. मी आलेय म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुला अजून एक स्वेटर लागेल."

१० डिसें., रवि.
पप्पांचा फोन. मागून क्वायरच्या नाताळच्या तालमीचा आवाज. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, चर्चची पेटी अजून तेच वाजवतात.
"चर्चला जातेस ना?"
"महिन्यातून एकदा."
"एवढं कमी?"
"कामच महिन्यातून एकदा असतं."
हसले. विनोद म्हणून घेतलं. बरंच झालं.

१२ डिसें., मंगळ.
दुसरं वाचन. पट्टी क्र. ४: भेग ०.३ मि.मी. रुंदावली. बाकीच्या स्थिर. थंडी वाढेल तसं बघायचं.
टॉवरच्या बाहेरच्या अंगाला, डोक्याच्या वर हातभर, पाटीच्या दगडाची एक स्मृतिशिला आहे. मागच्या वेळी ओली होती, वाचता आली नव्हती. आज वाचली. या चर्चमधून गेलेली एक मिस लिडिया, शिक्षिका, तापानं वारली, वय एकतीस. कुठे: कोल्हापूर.
दोनदा वाचलं. मग फोटो काढला, पट्टी धरून, इतर सगळ्या दगडांचा काढला तसाच.
हॅझेलबाई मागे उभ्या होत्या. "ती तुमच्या देशात गेली होती. तुला हे सगळं नवीनच असेल ना, हनी? चर्च वगैरे."
मी म्हटलं, "हा दगड सुस्थितीत आहे."

२० जाने. २००७, शनि.
मंडळाची संक्रांत, शाळेच्या हॉलमध्ये. प्राची घेऊन गेली. (रूममेट असल्याचे तोटे. ती नागपूरची, मंडळाच्या कमिटीत.) एका काकूंनी हळदीकुंकवाचं बोट पुढे केलं, मी कपाळ पुढे केलं. नको म्हणण्यात दहा मिनिटं गेली असती.
"लोंढे म्हणजे कुठले गं?"
"कोल्हापूर."
"अगं पण कोल्हापूरचे कोण लोंढे?"
"तिथलेच."
प्राची गाडीत म्हणाली, "यार स्नेहल, तू एका शब्दात आन्सर का देतेस? काकूंना वाटलं तू रागावलीस." रागावले नव्हते. दमले होते. आठवड्यात दोन साइट, तीन रिपोर्ट आणि ग्रीन कार्डच्या कागदांसाठी पुन्हा नव्यानं सगळी सर्टिफिकेट्स.

२३ जाने., मंगळ.
क्र. ४: ०.९. क्र. २ सुद्धा हलली, ०.४. दगडाचे पापुद्रे सुटून खाली पडलेत, चिमटीत धरले की भुगा होतो.
आज नीट पाहिलं. दगड मऊ आहे आणि दरजांमध्ये, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट आहे. मूळचा चुना फक्त वर, शिडी पोचत नाही तिथे उरलाय. आणि तिथेच दगड धड आहेत. खाली, शिडी पोचते तिथपर्यंत, सगळीकडे सिमेंट; त्यात ओलं असताना खिळ्यानं कोरलेली अक्षरं. W.H. ४८. W.H. ४९. R.M. आणि छोटं बदक. माझी आई गेली त्या वर्षाच्या आकड्यापुढे कोणीतरी नुसतं 'मॉम' लिहिलंय.
हॅझेलबाईंना विचारलं. थर्मासमधली कॉफी ओतत सांगितलं: मे महिन्याचा पहिला शनिवार हा 'भिंतीचा दिवस'. प्रत्येक घराचा भिंतीचा आपापला तुकडा. ढिल्या झालेल्या दरजा उकरायच्या, माल भरायचा, वर्षात कोणी गेलं असेल तर त्याचं नाव कोरायचं. युद्धावरून परत आल्यावर त्यांच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, सुरू केलं. "चुना कोण भिजवत बसणार? वॉल्टर नौदलात काँक्रीट ओतायचा. म्हणाला, हे लोखंडासारखं बसेल."
बसलंय लोखंडासारखं. म्हणूनच विचारलं की एकूण किती वर्षं.
"एकही वर्ष चुकलेलं नाही," म्हणाल्या. "तो गेला त्या वर्षीही नाही."

८ मार्च, गुरु.
लॅबला पाठवलेल्या नमुन्यांचा निकाल आला. मला जे वाटलं होतं तेच. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडतं. सिमेंटमधून पडत नाही. मग ते दगडात थांबतं, हिवाळ्यात गोठतं, दगड आतून फोडतं. जितकी दरज पक्की, तितका दगड लवकर जातो. साठ वर्षं दर मेमध्ये त्यांनी हेच केलंय.
फ्रँकला दाखवलं. पाच मिनिटं वाचून चष्मा काढला. "रिपोर्ट होईपर्यंत क्लायंटला एक शब्द नाही. नेहमीचा नियम."
नियम माहीत आहे. मला तो सोयीचाही आहे.

८ एप्रिल, रवि.
ईस्टर. पप्पांना फोन केला. कुठल्या चर्चला गेलीस, त्यांनी विचारलं. घरीच, ताप आहे म्हटलं. ताप नव्हता. प्राचीनं खिचडी केली होती, दोघींनी टीव्हीपुढे बसून खाल्ली. तिला आज काय आहे ते माहीत नाही, आणि मी…

५ मे, शनि.
भिंतीचा दिवस.
हॅझेलबाईंनी बोलावलं होतं. फ्रँक म्हणाला, जा, क्लायंट आहे, चांगलं दिसतं. वाटलं होतं लांबून बघून येईन.
तीसेक माणसं, निम्मी सत्तरीच्या पुढची. बटाट्याचं सॅलड, घडीच्या खुर्च्या, दोन पाट्या सिमेंट. एका आजोबांना वाकता येत नव्हतं तर त्यांना खुर्चीसकट भिंतीशी नेलं. सगळे एकमेकांच्या कामाला नावं ठेवत होते. "हे काय भरलंयस रॉय, केक आहे का तो?" "तुझी दरज बघ आधी, तुझ्या दातांसारखी आहे."
मला सगळं माहीत होतं, आठ मार्चपासून. मी सॅलडची प्लेट धरून उभी.
मग हॅझेलबाई थापी घेऊन आल्या. मिस लिडियाच्या घरचं आता कोणी उरलेलं नाही, तिच्या शिलेखालचा तुकडा कित्येक वर्षं कोणाचाच नाही. "तू भारतातली. आम्ही ठरवलंय, तो तुझा."
नको म्हणायला दोन सेकंद होते. मी म्हटलं, "थँक यू."
दोन फूट दरज भरली. नीट भरली, कॉलेजात शिकवलं होतं तशी दाबून, मागे हवा न ठेवता. रॉयनं येऊन बघितलं, म्हणाला, "हिला ठेवून घ्या." खिळा दिला. मी नुसतं ०७ लिहिलं. नाव लिही म्हणाले, लिहिलं नाही.
घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही. ओलं सिमेंट चोवीस तासांपर्यंत हातानं निघतं. हे मला पाठ आहे.

६ मे, रवि.
साडेदहाला पोचले. मुद्दाम ती वेळ धरली, सगळे आत असतील म्हणून. गुडघ्यावर बसून छिन्नीनं माझीच दरज उकरायला घेतली.
आतून ऑर्गन सुरू झाला. पहिल्या ओळीतच चाल ओळखली. पप्पा हेच वाजवतात, थोडं हळू, आणि तिसऱ्या ओळीला आमच्याकडे बायका एक स्वर वर जातात, इथे जात नाहीत. शब्द आपोआप आले. मराठीत. उकरणं थांबवलं नाही. मी मोठ्यानं म्हणत होते हे मागून पावलं वाजल्यावर कळलं.
हॅझेलबाई. खोकला येतो म्हणून बाहेर आल्या होत्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या सिमेंटच्या चुऱ्याकडे.
"तुला ही चाल येते."
"येते."
"कशी?"
"आमच्या घरी म्हणतात. कोल्हापुरात." आणि वर शिलेकडे बोट केलं. आठ वर्षांत या देशात कोणालाही इतकं सांगितलं नव्हतं.
त्या शिलेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि हे का काढतेयस?"
नियम आठवला. तरी सांगितलं. पाणी, दगड, बर्फ. वरचा चुना दाखवला, खालचे पापुद्रे दाखवले. साध्या शब्दांत, पाचेक मिनिटं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, पापुद्रा त्यांच्या तळव्याला लागून निघाला, तो मुठीत धरून ठेवला.
"म्हणजे वॉल्टरनं केलं."
मी म्हटलं, "त्या काळात सगळेच सिमेंट वापरायचे."
"मी तुला ते विचारलं नाही."
"हो," म्हटलं. "सिमेंटनं केलं. ते त्यांनी आणलं."
"कधी कळलं तुला?"
"मार्चमध्ये."
"आणि काल तू आम्हाला भरू दिलंस." आवाज चढला नव्हता. आत निघून गेल्या. मी उरलेली सहा इंच दरज उकरून काढली, चुरा पिशवीत भरला आणि निघाले.

८ मे, मंगळ.
फ्रँकला स्वतःच सांगितलं, हॅझेलबाईंनी सांगण्याआधी. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. "तुझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर माझी सही आहे, स्नेहल. मला नियम पाळणारी माणसं लागतात." मग थोड्या वेळानं माझ्या टेबलाशी आला. "कारणाच्या रकान्यात 'वय' लिही. वयाचा कोणालाच राग येत नाही."
वय लिहिलं तर दुरुस्ती करणारा माणूस पुन्हा सिमेंट घेऊन येईल. हे त्याला माहीत आहे. मी तसं बोलूनही दाखवलं.
"म्हणून तर म्हणतोय, एवढं एक वाक्य. त्या बाई ८१ वर्षांच्या आहेत."

१७ मे, गुरु.
रिपोर्ट. चौदा पानं. कारण: सिमेंटची दरजभरणी, १९४६ नंतरची. नाव कुठेही नाही. उपाय अ: सगळं सिमेंट हातानं काढून चुन्यानं भरणं, दोन उन्हाळे, टॉवर राहू शकतो. उपाय ब: येत्या हिवाळ्याआधी टॉवर छपरापर्यंत उतरवणं. यांपैकी काहीच न करणं हा उपाय नाही.
अ केलं तर साठ वर्षांची सगळी अक्षरं जातात. W.H., बदक, मॉम. हे रिपोर्टात येत नाही. तिथे ३१० चौ. फूट इतकंच येतं.
फ्रँकनं दोन दिवस ठेवून घेतला. आज सही केली.

२७ मे, रवि.
पप्पांचा फोन. या वेळी मीच सांगितलं, मिस लिडियाचं.
"तिची कबर आपल्या इथे असेल," म्हणाले. "शोधतो."
मग विचारलं, "तिकडचे लोक कसे आहेत?"
"भांडतात. जेवायला घालतात."
"मग आपल्यासारखेच," म्हणाले.
प्राची ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तू ख्रिश्चन आहेस? तीन वर्षं? मी तुला दर गणपतीला आरतीचं तबक धरायला लावते यार."
"तू विचारलं नाहीस."
"तू सांगितलं नाहीस." चहा करून आणला, माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

५ जून, मंगळ.
रॉयचा ऑफिसात फोन. चर्चची सभा झाली, दोन तास. उपाय अ की ब, यावर मत घेतलंच नाही, सतरा तारखेपर्यंत पुढे ढकललं. अर्धे म्हणतात बाईंची भिंत आहे, बाई ठरवतील. बाई सभेला आल्या आणि काही बोलल्या नाहीत. "असं कधी झालेलं नाही," म्हणाला.
क्र. ४: १.१. उन्हाळ्यातही मागे जात नाही.

१३ जून, बुध.
दुपारी तीन. पुलाच्या नकाशांवर डोळे मिटत होते. फोन. हॅझेलबाई. सहा मेनंतर पहिल्यांदा.
हॅलो नाही. "किती खोल काढायचं?"
मी म्हटलं, दरज जितकी रुंद, त्याच्या दुप्पट तरी. पांढरा चुना लागेपर्यंत. तिथे थांबायचं.
"कशानं?"
छिन्नी, छोटा हातोडा. मशीन अजिबात नको, दगडाच्या कडा जातात.
"थांब, लिहून घेते." कागदाचा आवाज. "वॉल्टरचा तुकडा नऊ फूट रुंद आहे. मला एकटीला किती दिवस लागतील?"
हिशोब केला. वय धरून. "दिवसाला दीड तासापेक्षा जास्त करू नका. पंचवीस दिवस."
"मत सतराला आहे," म्हणाल्या. "माझ्याकडे चारच दिवस आहेत."
मी पुलाचे नकाशे गुंडाळले आणि छिन्नी कुठे ठेवलीय ते आठवलं. त्यांनी अजून फोन ठेवला नव्हता.