विभूती लावलेला फोन

प्रिय सिद्धेश्वरी,

पत्र बघून घाबरू नकोस. अव्वाची तब्येत ठणठणीत आहे, माग चालू आहेत, घरात सगळं जागच्या जागी आहे. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझा तो लिनक्सचा फोन.

दिवाळीला तू तो घेऊन आलीस तेव्हा मला वाटलं, नव्याची नवलाई आहे, जाईल. मोठ्या कंपन्यांची पाळत नको, आपला फोन आपल्या ताब्यात पाहिजे, असं तू अव्वासारख्या सासूला समजावत होतीस आणि ती भाकरी थापता थापता व्हय व्हय करत होती. मला मात्र एवढंच कळलं की त्यात व्हॉट्सॲप चालत नाही, आणि नकाशावरचा तुझा ठिपका आता मला दिसणार नाही. तू पुण्यात ऑफिसातून निघालीस, खोलीवर पोचलीस, हे मी रोज टॉवेलच्या घड्या घालता घालता बघायचो. तुला कधी बोललो नाही. ठिपका गेला आणि तुझ्या ऑफिसातला तो महेश्वर आला. महेश्वरनं कॅमेरा चालू करून दिला, महेश्वरनं बॅटरीचं काहीतरी लिहून दिलं, महेश्वरला सगळं येतं. एकदा बोलायला लागलीस की त्याचंच नाव. जळत होतो मी, सरळच सांगतो.

म्हणून मी काय केलं असेल? तसलाच फोन मागवला, तुला न सांगता. म्हटलं, आपणही शिकू. उद्या तुला काही अडलं तर तू मला विचारशील, त्याला नाही. अंगात वारं शिरलं होतं म्हण. माझा चांगला चालणारा फोन अव्वाला देऊन टाकला. ती आता त्यावर कन्नड वचनं ऐकत बसते आणि परत द्यायचं नाव काढत नाही.

काय सांगू त्या नव्या फोनचं! चालू व्हायला चहा होईल एवढा वेळ. फोटो काढला तर अव्वा हिरवी दिसते. फोटो बघून तिनंच मला विचारलं, मला कावीळ झाली काय रे. समोरच्यानं फोन ठेवला की मग हा वाजणार. हैदराबादच्या व्यापाऱ्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर पडून राहिली, त्यानं दुसरीकडून माल उचलला. तरी मी हटलो नाही. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची, चुकायचं, परत टाइप करायची. एके दिवशी गाणं वाजवून दाखवलं फोननं. कारखान्यात सगळ्यांना बोलावून ऐकवलं मी, खोटं कशाला सांगू. तू का रमलीस ते त्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर जास्तच जळलो.

आता खरी गंमत ऐक. नवा माग आला की आपल्याकडं वरच्या पत्र्याला विभूती लावत नाहीत, आत मोटारीला लावतात, तुला ठाऊक आहे. फोनची पूजा राहिली होती ती अव्वानं सोमवार बघून करायला लावली. वरवर कशाला, आत लाव, म्हणाली. मागचं झाकण सहज निघतं. काढलं, विभूती पाण्यात कालवली आणि तीन बोटं ओढली, बरोबर सिमकार्डाच्या खाचेवरून. तेव्हापासून सिम लागत नाही. नव्या पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या जोतीरामनं फुंकर मारून बघितली, ब्रश फिरवला, हात टेकले. म्हणाला, मालक, हा उघडणारा सोलापुरात कोण न्हाय, पुण्यातच कुणाला तरी विचारा की. म्हणजे ज्याच्यावर मात करायला फोन आणला, त्याच्याच दारात उभं राहायचं. कपाटात ठेवून दिलाय.

परवा तुला अव्वाच्या फोनवरून फोन केला तो म्हणूनच. तू म्हणालीस, कंपनी अजून तीन वर्षं पुण्यालाच राहा म्हणतेय, ह्याच फोनच्या कामावर, सोमवारी सांगायचंय, काय करू? मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. कोण आहे विचारलं तर म्हणालीस, फोन कानाला लावला तर आवाजच येत नाही, सगळं स्पीकरवर येतंय, महेश्वर समोरच बसलाय. मग मी छाती फुगवून बोललो, तुला वाटेल ते कर, माझी काही हरकत नाही. तू नुसतं बरं म्हणून फोन ठेवलास. सिद्धू, ते त्याला ऐकवायला बोललो होतो मी. बायकोला अडवणारा गावंढळ नवरा वाटू नये म्हणून. तुला सांगायचं ते त्याच्यासमोर स्पीकरवर सांगता येत नाही, म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवतोय. माझी हरकत आहे. लई हरकत आहे. तू नसलीस की मला घरात करमत नाही, आणि तू तिकडं खूश आहेस हे बघवतही नाही. काम तुझ्या आवडीचं आहे, तेव्हा सोमवारी हो म्हण नाहीतर नाही म्हण, ते तूच ठरव. पण गुरुला काही फरक पडत नाही असं समजून ठरवू नकोस.

तुझाच,
गुरु